तोळाभर

"एल्कसाठी हवी, की अस्वलासाठी?"

शेवग्याच्या शेंगा आमटीत घालणार की भाजीत, अशा सुरात काउंटरमागच्या बाईंनी विचारलं. अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या लिव्हिंगस्टन गावातलं बंदुकांचं आणि गळ-दोऱ्यांचं दुकान, ऑक्टोबरमधला शनिवार, बाहेर नेहमीचा वारा. इथला वारा असा, की मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं, नाहीतर बिजागरीला रामराम. मी काडतुसांच्या भिंतीसमोर अर्धा तास नुसता उभा होतो. खोक्यांवर एकतर शिंगं उगारलेले एल्क, म्हणजे इथली सांबरासारखी थोराड हरणं, नाहीतर दात विचकलेली अस्वलं. मी म्हटलं, "दोन्हीसाठी." बाईंनी चश्मा काढून गळ्यातल्या साखळीला लोंबू दिला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "असं नसतं," त्या म्हणाल्या. "आधी ठरवा, मग या." आणि मागच्या माणसाला काय हवं ते विचारायला वळल्या. मी रिकाम्या हातांनी बाहेर आलो आणि गाडीत बसून राहिलो. वाऱ्यानं गाडी पाळण्यासारखी हलत होती.

अपमान झाला म्हणून लागलं, असं नाही. बाई रागावल्या नव्हत्या, हसल्याही नव्हत्या. लागलं ते याचं, की महिनाभर रात्री जागून मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो आणि ते सापडलं असं समजून दुकानात गेलो होतो. मोंटानात येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची पाच शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर एल्कच्या शिकारीला जायचो, पण हमाल म्हणून. तो बंदूक चालवायचा, मी पाठीवरून मांस वाहायचो. यंदा पहिल्यांदा परवाना माझा होता, रायफल माझी होती. परवान्यासाठी शिकारी-सुरक्षेचा वर्ग करावा लागला. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा आहे, त्यामुळे टक्कल पडू लागलेला मी आणि बारा-बारा वर्षांची पोरंपोरी असे एका बाकावर बसलो होतो. तारेच्या कुंपणापलीकडे जाताना बंदूक कशी द्यायची, हे माझ्या शेजारच्या मुलीनं मला दोनदा समजावून सांगितलं. पण गोळी कुठली घ्यायची, हे त्या वर्गात कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आणि ठरवणं म्हणजे काय, तर दोन उलट्या गोष्टींतून एक निवडणं. एल्क आडवा उभा असतो, शंभर-दोनशे यार्डांवर, तुमच्याकडे त्याचं लक्षही नसतं. गोळी खांद्यामागून फुप्फुसांत जायला हवी आणि आत गेल्यावर उघडायला हवी. उघडली की मोठी जखम, मोठी जखम म्हणजे लवकर सुटका. अस्वल आडवं उभं राहून वाट बघत नाही. ते अंगावर येतं तेव्हा डोकं खाली, खांदे वर, ताशी पन्नासहून जास्त किलोमीटरच्या वेगानं. पन्नास यार्डांचं अंतर तीन-साडेतीन सेकंदांत संपतं. तिथे चरबी, जाड स्नायू, तिरपी कवटी आणि खांद्याचं हाड यांतून आरपार जाणारी गोळी लागते. लवकर उघडली तर वरच्या वर अडकते. म्हणजे एकीला फुलायला हवं, दुसरीनं फुलायचं नाही. एकाच काडतुसात या दोघी कशा बसवायच्या? काही जण मॅगझिनमध्ये एक मऊ, एक कडक अशा गोळ्या भरतात म्हणे. म्हाताऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. प्रत्येक बनावटीची गोळी त्याच नळीतून निघूनही जरा वेगळ्या जागी लागते. रायफलीचा नेम तुम्ही एकीशी जुळवलेला असतो. दुसरी परकीच.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मात्र अशी हाती लागली, की मी रात्री एक वाजता एकटाच हसलो. इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ सालचं काडतूस. एल्कसाठी त्यात लोक बहुधा १८० ग्रेनची गोळी घालतात. हा आकडा कुठेतरी ऐकलाय, ऐकलाय असं वाटत राहिलं. मग आठवलं. कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा ठरवून दिला तो नेमका १८० ग्रेनचा. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा, म्हणून 'रुपयाभार'. हल्लीचे सराफ सोयीसाठी दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण माझ्या आजीचा तोळा तो जुना, अकरा ग्रॅम सहासष्ट. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मग मी सगळीच कोष्टकं बदलून टाकली. हरणासाठीची १५० ग्रेनची गोळी दहा माशांची. १६५ ची अकरा माशांची. अलास्कातले वाटाडे अस्वलासाठी खांद्यावर घेतात त्या थ्री-सेव्हन्टी-फाइव्हची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांना थोडी कमी. तिकडचं वजन जवासारख्या धान्याच्या दाण्यावरून आलं, आपलं गुंजेच्या बीवरून. दोन्हीकडे कोणीतरी रानातलं-शेतातलं बी तराजूत टाकून म्हणालं असेल, हे प्रमाण.

आजी तोळ्याच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवायची नाही. पुतळ्यांची माळ गाठवायला कुडाळच्या बाजारात सोनाराकडे दिली, तर ती दुकानात ठाण मांडून बसायची. सोनाराच्या काट्यासमोर डोळे बारीक करून. सोबत स्वतःच्या गुंजा न्यायची, रुमालाच्या टोकाला गाठ मारून. लाल, काळ्या डोळ्याच्या. मला त्या खेळायला हव्या असायच्या आणि ती म्हणायची, खाशील मेल्या, विषारी असतात त्या.

तोळा आजीचा, तर बंदूक आज्याची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, लांबलचक, भिंतीला टांगलेली, तिच्या दस्त्यावर आज्याच्या तळहाताचा घाम मुरून काळा डाग पडलेला. नळीत दारू ओतायची, वर काथ्या, मग शिशाचे तुकडे, मग गजानं ठासायचं. दारूचा तो वास, गंधक आणि ओल्या राखेचा, दिवाळीत आजही येतो तेव्हा मला फटाके आठवत नाहीत, ओसरीवर उकिडवा बसलेला आजो आठवतो. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यानं ती त्याच दिवसांत शेतात यायची. आजो चिडायचा, पण त्यालाही बरंच वाटायचं असा माझा आता संशय आहे. कारण बंदूक घरात असली की ती चालवावी लागायची.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका रात्री त्यानं बार टाकला. सकाळी भाताच्या कडेला रक्त होतं, डुक्कर नव्हतं. रक्ताची रेघ काजूच्या बागेत गेलेली. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी तिकडे जाणं बंद केलं. जखमी डुक्कर म्हणजे काय हे कोकणात सांगावं लागत नाही. शिसं ओबडधोबड, दारू अंदाजपंचे, मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजो कोयता घेऊन एकटाच निघाला. आजीनं वाट अडवली तेव्हा तो म्हणाला, "आपला काम आपणच पुरा करूक व्हया." संध्याकाळी परत आला. डुक्कर मेलेलंच सापडलं होतं, ओहोळात, पाण्यात तोंड घालून. किती वेळ लागला असेल त्याला, हे आजो बोलला नाही. त्या रात्री जेवलाही नाही. गोळी निवडण्याचा माझा सगळा खटाटोप खरं तर त्या ओहोळापासून सुरू होतो. अस्वल नंतर आलं.

दुकानातून परतलो तो सरळ म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. म्हातारा रेल्वेतला. लिव्हिंगस्टनमध्ये रेल्वेचं मोठं कारखानावजा यार्ड होतं, ते १९८६ साली बंद झालं. तेव्हापासून हा माणूस जे हाताला लागेल ते दुरुस्त करत आला आहे. स्वतःची काडतुसं तो स्वतःच भरतो. ओट्यावर लोखंडी दाबयंत्र, पितळी पुंगळ्यांच्या ओळी, तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास, आणि ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा चिमुकला काटा. खिडकीत एक काचेची बरणी. लोणच्याचीच असावी मूळची. तिच्यात पन्नासेक वर्षांत एल्कमधून काढलेल्या गोळ्या. त्यानं बरणी ओट्यावर ओतली. "वाच," म्हणाला.

काही गोळ्या अशा, की त्यांना गोळी का म्हणायचं? तांब्याच्या कवचाचा एक चुरगळलेला तुकडा, आत शिसं नाहीच. हाडावर आपटून शिशाचे कण झालेले. काही अळंबीसारख्या छान फुललेल्या, मागे देठ शाबूत. पन्नासेक पैकी निम्म्यांत मला एक गंमत दिसली: पुढचा भाग फुटून गेलाय, मागचा अर्धा जसाच्या तसा. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाची ही करामत. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलानं माखलेल्या मूसवर, म्हणजे एल्कहूनही थोराड हरणावर, त्याच्या गोळ्या कातडीपाशीच फुटल्या, जनावर खाली पडेना. घरी येऊन त्यानं तांब्याच्या कवचाच्या मधोमध एक भिंत ठेवली. पुढच्या खोलीत शिसं, मागच्या खोलीत शिसं. पुढचं फुटलं तर फुटो, मागचं आत जात राहतं. नावच पार्टिशन. भावाभावांच्या वाटणीत माजघरात उभी राहते ती भिंत मला आठवली. तिचाही उद्देश तोच असतो म्हणा, एका बाजूला काहीही झालं तरी दुसरी टिकावी.

बरणीतल्या सगळ्यात नव्या गोळ्या नुसत्या तांब्याच्या होत्या. शिसं औषधालाही नाही. टोकाला पोकळी, आपटली की चार पाकळ्या मागे उलटतात आणि तशीच पुढे जाते. हीदेखील कल्पना म्हणे ऐंशीच्या दशकात एका गोळ्या बनवणाऱ्याला अलास्कात अस्वलाची वाट बघत बसलेला असताना सुचली. वाट बघत बसलेल्या माणसाला काय काय सुचतं. म्हाताऱ्यानं मात्र तांब्याकडे वळायचं कारण अस्वल नव्हतं, सोनेरी गरुड होता. शिकारी मांस नेतात, आतडी-कोथळा रानातच राहतो. त्यात शिशाचे कण असतात, मोहरीहून बारीक. गरुड, डोमकावळे ते खातात. कॅलिफोर्नियातली गिधाडं शिशानं मरत होती म्हणून तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. मोंटानात नाही. इथे ते तुमच्यावर. एका हिवाळ्यात म्हाताऱ्याला यलोस्टोन नदीच्या काठी एक गरुड सापडला, मान वळवता येत नव्हती, पंजे मिटलेले. त्यानं तो गोधडीत गुंडाळून नेला. वाचला नाही. "माझ्याच गोळीनं असं नाही," तो म्हणाला आणि मग थोडा थांबून, "पण कोणाच्या तरी."

तांब्याची एक पाकळी मी बोटानं चाचपली. थंड, धारदार. आमच्या देवघरात तांब्याचं ताम्हन, तांब्याची पळी. चिंचेनं घासल्यावर येतो तोच लालसर रंग. मला ते आवडलं की खुपलं, अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, गरुडाचं ठीक आहे, पण अस्वलाचं काय? आम्ही जातो ते गॅलाटिन रांगेच्या पूर्व उतारावर, टॉम मायनर खोऱ्याच्या वरच्या अंगाला. त्या खोऱ्यात उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी ग्रिझली जातीची अस्वलं कुरणात येतात आणि गाईगुरांसारखी खाली मान घालून जमीन उकरतात. मुळं खातात. कशाची, तर शहाजिऱ्याची. कुणा जुन्या वसाहतकऱ्यांबरोबर आलेलं शहाजिरं तिथे माजलंय. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या, सगळे दुर्बिणी लावून गप्प, आणि पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेली ती धूड जनावरं बिर्याणीचा मसाला खात होती. १९७५ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास जेमतेम १३६ ग्रिझली उरली होती, तेव्हा त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. आता हजाराच्या घरात आहेत. दोनदा संरक्षण काढलं, २००७ ला आणि २०१७ ला, दोन्ही वेळा कोर्टानं परत आणलं. स्वतःचा जीव वाचवायला सोडून तुम्ही ग्रिझली मारलीत, तर तो गुन्हा. वाचवायला मारलीत तरी वनाधिकारी येऊन पावलं मोजतात. इथे अस्वलाच्या गोळीबरोबर पंचनामाही विकत घ्यावा लागतो.

या अस्वलांचा पहिला मोठा अभ्यास केला तो क्रेगहेड नावाच्या जुळ्या भावांनी, १९५९ पासून. अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधणं वगैरे त्यांचीच सुरुवात. गंमत म्हणजे त्याआधी, १९४० च्या सुमारास, हे दोघे तरुणपणी हिंदुस्थानात येऊन भावनगरच्या राजघराण्याकडे राहिले होते, ससाणे पाळायची विद्या बघायला. मी इथे येऊन अस्वलं बघतोय, ते तिकडे जाऊन ससाणे बघत होते. असो.

ऑक्टोबरात अस्वलाला झोपण्याआधी चरबी साठवायची असते. दिवसाचे वीस-वीस तास ती खातात. आणि इथले सगळे म्हणतात, की रायफलीचा बार हा त्यांच्यासाठी पंगतीचा शंख झालाय. बार झाला की कुठेतरी कोथळा पडला, हे त्यांना कळून चुकलंय. म्हणजे एल्कसाठी चालवलेली गोळीच अस्वलाला बोलावते. मग त्या दुसऱ्या गोळीचा विचार आला नाही तर नवल.

म्हाताऱ्यानं उत्तर दिलं नाही. खुंटीवरचा अस्वल-फवाऱ्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. हा फवारा म्हणजे मिरचीचा अर्क. ऐंशीच्या दशकात मिझूलाच्या विद्यापीठात अस्वलांवर त्याचे प्रयोग झाले. तीसेक फुटांवर नारिंगी ढग उभा राहतो, अस्वल त्यात शिरतं आणि नाक-डोळे पेटल्यासारखे होऊन वळतं. अलास्कातल्या अस्वलांच्या घटना तपासून २००८ साली निघालेल्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर तो ९२ टक्के वेळा लागू पडला होता. त्याच लोकांनी पुढे, २०१२ मध्ये, बंदुकांचाही हिशेब मांडला. हातात बंदूक असलेल्यांनी ती चालवली काय आणि नाही चालवली काय, इजा होण्यात फरक दिसला नाही. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. लवंगी मिरचीच्या ठेच्यावर वाढलेला माणूस मी, मिक्सरचं झाकण उघडून घरादाराला खोकवणारा. मिरचीच्या ताकदीवर माझा विश्वास नसेल तर कुणाचा असणार? पण झाला नाही. भीती टक्केवारी ऐकत नाही. शंभरातल्या उरलेल्या आठांत मी असणार, असंच ती सांगत राहते.

आईचा फोन आला होता त्या रविवारी. तिला मी काय काय सांगितलं, काय काय गाळलं. तरी तिला कळायचं ते कळलंच. "थयसर बाजारात मटान मिळणा नाय तुका? म्हणान अस्वलाच्या रानात जातंस?" मिळतं, मी म्हटलं. मग गप्प बसलो. मिळतं तर का जातो, याचं एक उत्तर माझ्याकडे आहे, की बाजारातल्या मांसाचा ओहोळ आपल्याला दिसत नाही, एवढंच. ते आईला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बायको मधूनच ओरडली, "वाटप लावून केलं की मटणापेक्षा भारी लागतं हो, आई." त्यानं विषय बदलला.

पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेलो. त्याच बाई. मी म्हटलं, "एल्कसाठी. १८०, तांब्याची." त्यांनी खोकं ठेवलं, न विचारता फवाऱ्याचा नवा डबा त्याच्या शेजारी ठेवला आणि त्यावरची मुदत संपायची तारीख बोटानं दाखवली. म्हाताऱ्याचा डबा चार वर्षं जुना होता, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. वीस काडतुसं. गाडीत मी खोकं हातावर तोलून पाहिलं. वीस तोळे, वर पुंगळ्यांचं पितळ आणि दारू वेगळी.

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. पहाटे चारला निघालो. सेजच्या झुडपांचा वास थंडीत जास्त येतो, कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा. डोंगराच्या खांद्यावर एका उखडलेल्या फरच्या मुळामागे बसून राहिलो, बोटं बगलेत. नऊच्या सुमारास पाच-सहा एल्क अस्पेनच्या झाडीतून बाहेर आले. त्यातला एक नर आडवा थांबला. एकशे साठेक यार्ड. मी खांद्यामागे नेम धरला होता, पण चाप ओढताना श्वास पूर्ण सुटला नव्हता आणि गोळी चार बोटं पुढे गेली, हे मला बार होतानाच कळलं. नर गुडघ्यांवर आला, उठायला गेला, आणि बसला. मी मनात मोजत होतो. अकराव्या आकड्यावर त्यानं मान टाकली. अकरा. ओहोळातल्या डुकराचा आकडा मला कधीच कळला नाही, म्हणून की काय, हा पक्का लक्षात राहिलाय. मला आनंद झाला का? हात थरथरत होते आणि खूप भूक लागली होती, एवढं खरं. म्हातारा काही बोलला नाही. त्यानं जवळ जाऊन एल्कच्या डोळ्यावर काडीचं टोक टेकवून पाहिलं आणि टोपी काढली.

दोन माणसांना एवढं जनावर एका दिवसात हलत नाही. सोलणं, चार पाय वेगळे करणं, मांस कापडी पिशव्यांत भरणं यात दुपार गेली. गोळी मला तेव्हाच सापडली, पलीकडच्या खांद्याजवळ, कातडीच्या आतल्या बाजूला, सुपारीसारखी टणटणीत. दोन्ही खांद्यांची हाडं मोडून तिथे थांबली होती. चार पाकळ्या. मी ती पुसून छातीच्या खिशात टाकली. कोथळ्यापासून लांब, दोनेकशे पावलांवर दोन झाडं बघून पिशव्या दोरानं वर ओढल्या. एक पिशवी, पुढच्या पायाची, पुरेशी वर जाईना. फांदीच आखूड. अंधार व्हायला आला होता. राहू दे, म्हातारा म्हणाला. पहिला बोजा घेऊन डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही उतरलो, मोठ्यानं बोलत. म्हातारा जुन्या इंजिनांचे नंबर म्हणत होता, मी पाढे. पावणेदोनचा पाढा कुठे अडतो ते मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याच्या बाजूनं, टाळ्या वाजवत वर गेलो. आधी डोमकावळे दिसले, झाडांवर बसलेले. खाली उतरत नव्हते. म्हातारा थांबला. कोथळा होता तिथे कोथळा नव्हता, मातीचा ढीग होता. गवत, फांद्या, बर्फ, दगड, सगळं उकरून वर ओढलेलं, चांगलं कमरेएवढं. ओल्या मातीचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, ओल्या घोंगडीचा. आखूड फांदीवरचा दोर रिकामा लोंबत होता. अस्वल आम्हाला दिसलं नाही. फक्त झाडीतून, किती लांबून ते सांगता येणार नाही, टक् टक् असा आवाज आला. लाकडावर लाकूड आपटावं तसा. ते जबडा वाजवतं. माझं आहे, असं सांगतं.

महिनाभर मी ठरवत होतो, वाचत होतो, टक्केवारी पाठ करत होतो. आणि त्या क्षणी माझा हात फवाऱ्याकडे गेला नाही. तो रायफलीच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा खांद्यावरून अर्धा उतरलाही होता, तेव्हा म्हाताऱ्यानं, माझ्याकडे न बघता, माझं मनगट धरून खाली केलं. त्याच्या दुसऱ्या हातात डबा होता, पिन काढलेला. आम्ही मागे मागे सरकत आलो, एकेक पाऊल, तोंड झाडीकडे. तो हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता. आधी वाटलं माझ्याशी. "ठेव तुला ते," तो म्हणत होता. "ठेव. आम्ही चाललो." दुसऱ्या झाडावरच्या पिशव्या शाबूत होत्या. त्या आम्ही लांबच्या वळणानं जाऊन काढल्या. पुढचा पाय गेला तो गेला.

घरी येऊन आंघोळ केली तरी मनगटावर त्याची पकड जाणवत होती. रात्री त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यानं कॉफी केली होती, ती आम्ही प्यायलो नाही. खिशातली गोळी काढून मी त्या चिमुकल्या काट्यावर ठेवली. आकडा हलला, थांबला. १७८.१. म्हातारा म्हणाला, छान, काहीच सांडलं नाही. मी मनात भागाकार करत होतो. तोळ्याला एक गुंज कमी. बरोबर एक.

त्या रविवारी आईला फोनवर हे सांगितलं. अस्वलाचं गाळलं, आपण पाठीवर केवढा बोजा वाहिला हे सांगितलं, मग तोळा सांगितला, गुंज सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे प्रेशर कुकरची शिटी झाली.

"येक गुंज?" ती म्हणाली. "तेवढी तर सोनार पन खाता."